थंडीत झाड मेलंय की झोपलंय? उपटण्याआधी एवढं बघा (सोलापूर)

खुरपं | १४ डिसेंबर, सकाळी ९:१०

डिसेंबर निम्मा सरला की दरवर्षी तेच प्रश्न येतात. डाळिंबाच्या नुसत्या काड्या उरल्या, चाफ्याला एक पान नाही, तुळस वाळत चालली, हळद पिवळी पडून आडवी झाली. मग पुढच्या रविवारी कुंडी रिकामी होते आणि तिथे नर्सरीतली शेवंती येते. यातली बरीच झाडं जिवंतपणीच उपटली जातात, म्हणून हा धागा. ज्याला जे पक्कं माहीत आहे ते त्याने इथे लिहावं.

आधी आपली थंडी समजून घेऊ. सोलापुरात पहाटे १५-१६ अंश, कडाक्याची लाट आली तर १०-१२, आणि दुपारी परत २९-३०. कुंडीतलं पाणी इथे गोठत नाही. वाढलेलं झाड नुसत्या थंडीने मरणं आपल्याकडे जवळजवळ नाहीच. झाड मरतं ते थंडीत दिलेल्या उन्हाळी पाण्याने. मुळांचं काम मंदावलेलं असतं, पानं कमी झालेली असतात, म्हणजे पाणी उडून जायला वाटच नसते. तरी मे महिन्याची सवय म्हणून रोज तांब्या ओतला जातो आणि मुळं कुजतात.

आता खुणा. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: पान गळालंय की जागेवर वाळून लटकलंय?

जिवंत फांदी पान टाकते तेव्हा देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो आणि तिथूनच पान अलगद सुटतं. हा थर जिवंत पेशीच बनवू शकतात. फांदी एकाएकी मेली की तो बनत नाही. पान तिथेच करपतं, वाजतं, पण पडत नाही. ओढलं तर सालीचा धागा सोबत घेऊन येतं. म्हणून उघडी फांदी दिसली तर धीर धरा. वाळक्या पानांनी भरलेली फांदी दिसली तर लगेच तपास करा.

दुसरी खूण म्हणजे डोळा, म्हणजे जिथून नवी फूट येते तो बारीक कोंब. पान गळालं तिथला व्रण नीट बघा. व्रण सपाट, कडेने स्वच्छ आणि त्याच्या वर मोहरीएवढा टणक डोळा असेल तर फांदी शाबूत आहे. डोळ्याला नखाचं टोक लावा. जिवंत डोळा चिकटून बसलेला असतो, मेलेला टिचकीने उडतो आणि आत तपकिरी भुगा दिसतो.

तिसरी खूण साल. शेंड्याकडून सुरुवात करायची. नखाने किंवा ब्लेडने अर्धा सेंटिमीटर साल खरवडायची. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर तिथे जीव आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर दोन-तीन इंच खाली सरकून परत बघायचं. जिथे हिरवं लागेल तिथे थांबायचं. शेंडा मेला म्हणजे झाड मेलं असं होत नाही. पार बुडाशीसुद्धा हिरवं लागलं नाही तरच आशा सोडायची. खरवडताना फांदीच्या भोवती गोल फिरू नका, एकाच बाजूला खिडकी पाडा. गोल साल निघाली तर आपणच फांदी मारली.

चाफा, अडेनियम, शेर यांना खरवडायची गरज नाही. अंगठ्याने दाबा. टणक लागलं तर झोपलंय. स्पंजासारखं दबलं तर आत कूज आहे. चाफ्याला सुईने टोचलं की चीक येतो. थंडीत तो कमी येतो, पण येतो.

---

गच्चीवाली_जुळेसोलापूर | १४ डिसेंबर, सकाळी ११:३५

खुरपंदादा, वेळेवर धागा काढलात. माझ्याकडे १८ इंची कुंडीत भगवा जातीचं डाळिंब आहे, तीन वर्षांचं. महिन्याभरात सगळी पानं पिवळी होऊन गळाली. एका फांदीवर मात्र पानं वाळून तशीच आहेत. तुमच्या हिशेबाने बाकी झाड झोपलंय आणि ती एक फांदी मेली असं समजू का?

---

खुरपं | १४ डिसेंबर, दुपारी १२:०५

ताई, अगदी बरोबर ओळखलंत. पण तेवढ्यावर थांबू नका, डाळिंबात त्या एका फांदीचं कारण शोधावं लागतं.

ती फांदी हिरवं लागेल तिथवर कापा आणि कापलेला तुकडा मधून उभा चिरा. आतलं लाकूड पांढुरकं-पिवळट, एकसारखं असेल तर फांदी मोडल्यामुळे किंवा ऊन-पाण्याच्या ताणाने वाळली. लाकडात गर्द तपकिरी किंवा काळपट पट्टे उभे गेलेले दिसले तर तो मर रोग असू शकतो. सालीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि त्यातून भुसा येत असेल तर खोडाला भोकं पाडणारा भुंगेरा. मर असेल तर ती कात्री दुसऱ्या झाडाला लावण्याआधी स्पिरीटने पुसायची, कुंडीतली माती दुसरीकडे वापरायची नाही आणि तुकडे कंपोस्टमध्ये न टाकता जाळायचे.

बाकीचं झाड उघडं पडलंय ते चांगलंच आहे. शेतात आंबे बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीत धरायचा फुलोरा) पाणी तोडून मुद्दाम पानगळ करतात. भगवा असो की केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने काढलेली सोलापूर लाल ही जात, वागणूक तीच. फरक एवढा की शेतात मुळं खोल असतात, तिथे महिना-दीड महिना पाणी बंद ठेवता येतं. कुंडीत असा ताण दिला तर मुळं सुकतील. १८ इंची कुंडीला आठ-दहा दिवसांनी दीड-दोन लिटर पाणी द्या, एवढाच ताण पुरे.

संक्रांत झाली की वाळक्या काड्या, आत वळलेल्या फांद्या आणि बुडाचे फुटवे काढा. वरची माती दोन इंच उकरून दोन किलो कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा आणि पाणी हळूहळू वाढवा. लालसर कोवळी पालवी दिसली की समजा झाड जागं झालं. पालवीआधीच एकदम भरपूर पाणी दिलंत तर कळीऐवजी नुसता पाला येईल.

---

काळीशार | १४ डिसेंबर, सायंकाळी ७:२०

मातीबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे अर्धा घोटाळा काळ्या मातीतच होतो.

कुंडीत निव्वळ काळी माती असेल तर थंडीच्या कोरड्या हवेत ती आकसते आणि कडेपासून सुटते. कुंडी आणि मातीच्या गोळ्यात करंगळी जाईल एवढी फट पडते. पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं पोटभर पाणी झालं. प्रत्यक्षात मधला गोळा कोरडा ठणठणीत आणि तळाशी चिखल. वरची मुळं तहानेने जातात, खालची कुजून जातात, दोन्ही एकाच कुंडीत.

तपासायचं असेल तर बोट पुरत नाही. झाडूची हीर किंवा विणायची सुई बुंध्यापासून चार इंचावर आठ इंच खोल घाला, पाच मिनिटं ठेवा, मग काढून बघा. टोकाला ओली माती चिकटली आणि वरचा भाग कोरडा असेल तर वरून नुसतं पाणी नको, आधी फट बुजवा.

फट बुजवायची अशी: वरची दोन इंच माती खुरप्याने मोकळी करा. कोकोपीट आणि चाळलेलं कंपोस्ट निम्मं-निम्मं ओलं करून काडीने फटीत दाबून भरा. मग कुंडी उचलता येत असेल तर पाण्याच्या टबात अर्धी बुडवून २०-३० मिनिटं ठेवा. बुडबुडे थांबले की गोळा भिजला. बाहेर काढून विटेवर ठेवा म्हणजे निथळेल. कुंडी जड असेल तर पाणी एकदम न ओतता अर्ध्या अर्ध्या लिटरने दहा-दहा मिनिटांच्या अंतराने चार वेळा घाला.

पुढच्या वेळी माती भरताना काळी माती दोन भाग, शेणखत किंवा गांडूळखत दोन भाग, कोकोपीट एक, जाड वाळू एक. असं केलं की फट पडणं खूपच कमी होतं.

आणि बोअरचं पाणी. कुंडीच्या काठावर, मातीवर पांढरी पापडी दिसते ती क्षारांची. थंडीत झाड पाणी कमी ओढतं म्हणून क्षार वर साचत जातात. पापडी खरवडून फेकून द्या, मातीत मिसळू नका. महिन्यातून एकदा नळाचं साठवलेलं पाणी कुंडीच्या आकाराच्या दुप्पट घालून क्षार धुवून काढा, पण ते दुपारी, ऊन असताना.

---

निशिगंध | १५ डिसेंबर, सकाळी ८:४५

वाचनखूण साठवली. एक विचारते. तुळशीचं काय? पानं जांभळट होऊन गळतायत, खालच्या काड्या लाकडासारख्या झाल्यात. घरातली तुळस, उपटायचं मनात आणवत नाही.

---

शेळगीची_बाग | १५ डिसेंबर, सकाळी १०:१५

निशिगंधताई, तुळस खरंच थंडीला नाजूक असते, वरच्या सगळ्या झाडांपेक्षा जास्त. तिचं वेगळं लिहिते.

तुळशीवर तीन गोष्टी एकदम येतात. कार्तिकात ती मंजिऱ्यांनी भरते आणि सगळी ताकद बियांत जाते. रात्री थंड होतात. आणि रोज पूजेचं तांब्याभर पाणी तिच्या मुळाशी पडतच राहतं, वर दूध, हळद-कुंकू, निर्माल्य. सिमेंटच्या वृंदावनात तळाचं भोक बऱ्याचदा बुजलेलं असतं, म्हणजे ते सगळं आतच साठतं.

पूजा मोडायची नाही, पाणी कमी करायचं. तांब्याऐवजी पळीने घाला, दोन-तीन पळ्या. मुळांचं खरं पाणी वेगळं, चार-पाच दिवसांनी, सकाळी नऊ-दहाला, माती बोटभर कोरडी झाल्यावरच. दूध वेगळ्या वाटीत अर्पण करा. मातीत आंबलं की बुरशी धरते आणि मुंग्या येतात. उदबत्ती आणि निरांजन खोडापासून वीतभर लांब. तळाच्या भोकातून जाड तार घालून ते मोकळं करा.

मंजिऱ्या खुडा, पण फांद्या आत्ता छाटू नका. थंडीत केलेली छाटणी फुटत नाही, तिथूनच काडी मागे वाळत जाते. छाटणी रथसप्तमीनंतर. लाकडासारख्या काड्या खरवडून बघा, हिरवं लागलं तर फुटेल. दोन-तीन वर्षांची जुनी तुळस मात्र बुडातून लाकूड झाली की तिचं आयुष्य तेवढंच असतं. म्हणून वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळून बी आत्ताच कागदाच्या पुडीत ठेवा. फेब्रुवारीच्या मध्यावर पसरट कुंडीत भुरभुरवा, वर फक्त नखाएवढी चाळलेली माती. जुनी गेली तरी तिचंच रोप हाताशी असेल.

---

ढालकिडा | १५ डिसेंबर, रात्री ९:३०

झाडांचं झालं, पण बागेत जीव आहे की नाही हे किड्यांवरूनही कळतं. थंडी म्हणजे माव्याचा, म्हणजे कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांचा हंगाम. शेतात करडईवर येतो, तसा घरी वालावर, शेवंतीच्या कळ्यांवर, गुलाबाच्या शेंड्यांवर, कोबी-फ्लॉवरच्या पानांखाली येतो. लोक मावा दिसला की त्याच दिवशी औषध मारतात. त्याआधी भिंग घ्या, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून एका शेंड्याकडे दोन मिनिटं बघा.

हिरव्या किंवा काळ्या माव्यात काही दाणे वेगळे दिसतील. फुगलेले, गोल, फिकट सोनेरी-तपकिरी, कागदासारखे कोरडे, न हलणारे. तो मावा मेलेला आहे आणि त्याच्या आत एका इवल्या गांधीलमाशीची अळी आहे. पुढे त्या दाण्याला मागच्या बाजूला सुबक गोल भोक दिसलं, एखादं झाकण उघडल्यासारखं, तर माशी बाहेर पडून पुढच्या माव्यावर गेली. असे दाणे दिसले की फवारणी थांबवा. तुमचं काम दुसरं कोणीतरी सुरू केलंय.

तसंच काळी, लांबट, काटेरी, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली अळी दिसेल, इटुकल्या मगरीसारखी. ती ढालकिड्याची पिल्लू अवस्था. लाल, काळ्या ठिपक्यांचा भुंगेरा सगळे ओळखतात, हिला मात्र कीड समजून चिरडतात. ही मोठ्या भुंगेऱ्याइतकाच मावा खाते. पानावर उभ्या लावलेल्या पिवळ्या लांबट अंड्यांचा पुंजका दिसला तर तोही ढालकिड्याचाच, ते पान तोडू नका. माव्यातच फिकट हिरवी, बिनपायाची, जळवेसारखी डोकं इकडेतिकडे हलवणारी अळी ही सिरफिड माशीची. तीही मित्रच.

मित्र कुणीच दिसत नसतील आणि शेंडे वळायला लागले असतील तर आधी पाण्याचा फवारा, सकाळी, पानांच्या खालून, तीन दिवस सलग. तरी राहिला तर निंबोळी तेल.

---

गच्चीवाली_जुळेसोलापूर | १६ डिसेंबर, सकाळी ७:५०

निंबोळी तेलाची बाटली काल काढली तर तेल तुपासारखं थिजलंय. खराब झालं का? आणि प्रमाण सांगाल?

---

ढालकिडा | १६ डिसेंबर, सकाळी ८:३०

खराब नाही झालं, थंडीत ते थिजतंच. बाटली कोमट पाण्यात पंधरा मिनिटं उभी ठेवा. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात नको, त्यातला कामाचा अंश उष्णतेने जातो.

१०,००० पीपीएमचं (बाटलीवर लिहिलेली ताकद) असेल तर लिटरला २ मिली, १,५०० पीपीएमचं असेल तर ५ मिली. आधी तेलात तेवढाच पातळ साबण घालून ढवळा, दुधासारखं पांढरं झालं की मग कोमट पाणी. गार पाण्यात तेल तवंग होऊन वर येतं, नोझल तुंबतं, आणि पंपातलं शेवटचं पाणी नुसतं तेलाचं पडतं. पानं भाजतात ती त्यानेच. संध्याकाळी पाचच्या सुमारास मारा. दुपारच्या उन्हात नको, आणि मधमाश्या फिरत असतील तेव्हाही नको.

एक धोका लक्षात ठेवा. याच दिवसांत वाटाण्यावर, भोपळ्यावर, गुलाबावर भुरी (पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी) येते आणि लोक पाण्यात मिसळणारं गंधक वापरतात, लिटरला २ ग्रॅम. ते चालतं. पण तेल आणि गंधक यांत दोन आठवड्यांचं अंतर हवं. एकामागोमाग मारलं तर पानं जळतात. भुरी थोडी असेल तर ती पानंच काढा आणि वेल विरळ करा.

---

पळसमैना | १६ डिसेंबर, दुपारी १:१५

पाखरांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे थंडीत बागेत वर्दळ वाढते. ज्वारीच्या रानावर पळसमैनांचे म्हणजे भोरड्यांचे थवे येतात ते सगळ्यांना माहीत आहेत, पण घराच्या कुंपणावर एक छोटा पाहुणा येतो तो थिरथिऱ्या. काळपट पाठ, विटकरी पोट, आणि शेपूट सतत थरथरत असते. उंचावर बसतो, जमिनीवर झेप घेतो, किडा उचलून परत जागेवर. तो रोज एकाच कोपऱ्यात येत असेल तर तिथल्या पाचोळ्याखाली किडे आहेत, म्हणजे माती जिवंत आहे.

म्हणून थंडीत सगळा पाला झाडून काढू नका. बुंध्यापासून तीन-चार इंच जागा मोकळी सोडून बाकी दोन इंचाचा थर राहू द्या. सातभाई येऊन तो कुंडीबाहेर उडवतात. वर सुकी तुरकाटी आडवीउभी ठेवली की उडत नाही.

पाण्याचं भांडं पसरट, दीड-दोन इंच खोल, मध्ये एक दगड. पाणी रोज बदला आणि दर तिसऱ्या दिवशी काथ्याने घासा. डासांची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.

लिंबू किंवा कढीपत्त्याच्या काडीला धाग्याने कमरेत बांधल्यासारखा कोष दिसला तर ती काडी छाटू नका. थंडीत फुलपाखरू बाहेर यायला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागतात.

---

होटगीरोड_४१३ | १७ डिसेंबर, रात्री १०:०५

गुलाबाच्या बुंध्यातून जोरदार नवा फुटवा आलाय, वरच्या फांद्या काळ्या पडल्यात. म्हणजे झाड वाचलं ना?

---

खुरपं | १८ डिसेंबर, सकाळी ७:३०

फुटवा कुठून आलाय ते आधी बघा. बुंध्याशी माती दोन इंच उकरा. कलम बांधलेली गाठ दिसेल. फुटवा गाठीच्या वरून असेल तर उत्तम. गाठीच्या खालून किंवा मुळातून असेल तर तो जंगली गुलाबाचा खुंट जगलाय, तुमचा गुलाब नाही. त्याचं पान बहुधा बारीक, सात-नऊ पात्यांचं असतं, पण नुसत्या पात्यांवर जाऊ नका, काही चांगल्या जातींनाही सात येतात. गाठ हाच पुरावा. जंगली फुटवा कात्रीने कापला तर दुप्पट जोराने येतो. माती बाजूला करून तो बुडाशी धरून खाली ओढून उपटायचा, म्हणजे त्याचा डोळाही निघतो. कलमी आंबा, लिंबू, चिकू सगळ्यांना हेच लागू.

काळ्या पडलेल्या फांद्या काळं संपतं त्याच्या इंचभर खाली, बाहेरच्या दिशेच्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरप्या कापा. कापलेल्या तोंडावर गाभा पांढरा-हिरवट दिसला पाहिजे. मध्यभागी तपकिरी ठिपका दिसला तर अजून खाली जा. नाहीतर पंधरा दिवसांत काळेपणा परत चढतो. तोंडाला कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट लावा, पातळ दह्याइतपत. गाठीच्या वर चार इंच जरी हिरवं उरलं तरी गुलाब येतो.

---

निशिगंध | १८ डिसेंबर, सकाळी ११:००

जमिनीखाली झोपणाऱ्या झाडांचं मी सांगते, हा भाग माझा आवडता आहे.

हळद, आंबेहळद, सुरण, कळलावी, भुईचाफा, मे महिन्यात लाल चेंडू येतो ती लिली, या सगळ्यांची वरची पानं आता पूर्ण जातात. हे ठरलेलं आहे. पानं पिवळी असताना कापायची नाहीत, कारण त्यांतलं अन्न खाली कंदात उतरत असतं. पूर्ण वाळून हाताने सुटली की काढा. मग कुंडीत काठी रोवून नाव लिहा. ही काठी सगळ्यात कामाची, कारण रिकामी कुंडी दिसली की घरातलं कोणीतरी त्यात मेथी पेरतं, रोज पाणी घालतं आणि कंद कुजतो.

कंद तपासायचा तर कडेने उकरून बोटाने दाबा. जड आणि टणक असेल तर झोपलाय. मऊ, पाणी सुटलेला, वास येणारा असेल तर गेला, पण कूज थोडीच असेल तर तेवढा भाग कापा, राख लावा, सावलीत चार-पाच दिवस सुकवून कोरड्या वाळूत ठेवा. हलका, सुरकुतलेला असेल तर तहानलाय. त्याला तीन आठवड्यांतून एकदा, कपभर पाणी. कुंडी आडोशाला ठेवा. भुईचाफ्याला तर पानांच्या आधी फूल येतं, एप्रिल-मे मध्ये जमिनीतून थेट. कुंडी फेकून दिली असेल तर ते दिसणारच नाही.

---

काळीशार | १८ डिसेंबर, दुपारी ४:४०

निशिगंधताईंच्या मेथीवरून आठवलं. डिसेंबरात पेरलेलं उगवत नाही म्हणून बियांना दोष देऊ नका. मिरची एरवी ८-१० दिवसांत येते, थंडीत १५-२० घेते. कोथिंबीर १२-१५. भेंडी, दोडका, काकडी आत्ता पेरूच नका, बी मातीत थंड ओलाव्यात पडून कुजतं. त्यांची पेरणी जानेवारी संपताना. पालक, मुळा, गाजर, वाटाणा, मेथी यांना हीच हवा आवडते.

शंका असेल तर दहा बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, स्वयंपाकघरात गॅसजवळच्या फळीवर ठेवा. फडकं ओलसर हवं, थेंब गळता कामा नये. दहातल्या सात-आठ मोडावल्या तर बी चांगलं, माती थंड आहे एवढंच. तीन-चारच आल्या तर पेरताना दुप्पट टाका.

टोमॅटो आणि कोबीच्या पानांच्या खालची बाजू जांभळी होते तेही याच कारणाने. थंड मातीतून मुळं स्फुरद (फॉस्फरस) उचलू शकत नाहीत. मातीत ते असतं. अशा वेळी डीएपी (स्फुरदाचं रासायनिक खत) टाकून उपयोग नाही, ते तसंच साठतं. काही करू नका, ऊब आली की नवी पानं हिरवी येतात. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तेही कोवळ्या पानांवर, असं असेल तर मात्र लोह कमी पडतंय, बोअरच्या पाण्याने होतं. फवारायला ईडीटीए चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ग्रॅम, दहा दिवसांनी परत. मातीतून द्यायचं तर आपल्या चुनखडीच्या जमिनीत ईडीडीएचए प्रकारचंच चिलेटेड लोह टिकतं.

---

शेळगीची_बाग | १९ डिसेंबर, सकाळी ९:२५

खतावरून, गांडूळ आणि कंपोस्टही सुस्तावतात. गांडुळाच्या पिंपावर ओलं गोणपाट टाका, पिंप थेट फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा. ओल्या कचऱ्याचं प्रमाण निम्मं करा, कारण ते खातात कमी आणि उरलेलं आंबतं. गांडुळं जिवंत आहेत का बघायला पिंप उपसू नका. एका कोपऱ्यात कलिंगडाची किंवा पपईची साल उलटी ठेवा, दोन दिवसांनी उचला. खाली गोळा झालेली दिसली तर सगळं ठीक. सगळी भिंतीला, झाकणाला चढली असतील तर आत आंबलंय, कोरडा पाला मिसळा.

कंपोस्टच्या ढिगात लोखंडी सळई मधोमध घालून वीस मिनिटांनी हात लावा. कोमट लागली तर काम चालू आहे. गार लागली तर शेण किंवा आंबट ताक घालून ढीग उलटा.

जीवामृताचं २० लिटरचं प्रमाण: शेण १ किलो, गोमूत्र १ लिटर, गूळ २०० ग्रॅम, बेसन २०० ग्रॅम, झाडाखालची मूठभर माती. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत होतं, आत्ता पाच ते सात दिवस धरा. वर बारीक फेस आणि आंबूस वास आला की तयार. नाकात जाणारी सडकी घाण आली तर ढवळणं कमी पडलं, सकाळ-संध्याकाळ ढवळा.

---

होटगीरोड_४१३ | १७ जानेवारी, सायंकाळी ६:५०

धागा वर आणतो. गड्ड्याची (सिद्धेश्वरांची संक्रांतीची) जत्रा झाली, उन्हं जरा तापायला लागली. गुलाबाचा फुटवा गाठीखालचाच निघाला, उपटला. गाठीवर पाच इंच हिरवं आहे. सीताफळाचं विचारायचं होतं. खरवडलं तर हिरवं आहे, पण डोळे कुठेच दिसत नाहीत. पानं अर्धी पिवळी, अर्धी तशीच.

---

खुरपं | १७ जानेवारी, रात्री ८:१५

सीताफळाचा डोळा पानाच्या देठाखाली झाकलेला असतो. एक पिवळं पान देठ वर ढकलून अलगद काढा आणि देठाचं बूड बघा, आतून पोकळ, टोपीसारखं. त्या टोपीखाली फांदीवर तपकिरी लव असलेला बारीक डोळा दिसेल. पान जागेवर आहे तोवर तो डोळा फुटू शकत नाही. म्हणून सीताफळ पानं टाकतं तेव्हाच ते फुटायची तयारी करत असतं.

गावरान असो की बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याची एनएमके-१ गोल्डन ही जात, पद्धत सारखीच. पाणी आत्ता कमीच ठेवा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उरलेली पानं हाताने काढा, देठ वर ढकलून, खाली ओरबाडून नाही, नाहीतर डोळा पानासोबत येतो. पेन्सिलपेक्षा बारीक काड्या कापा, मागच्या वर्षीची जाड काडी एक तृतीयांश कमी करा. मग खत आणि भरपूर पाणी. साधारण दोन-तीन आठवड्यांत डोळे फुगतात आणि नव्या फुटीवरच कळ्या येतात.

होळीपर्यंत काहीच हललं नाही तर परत बुडाशी खरवडा आणि कुंडीतून गोळा काढून मुळं बघा. पांढरी किंवा पिवळट, ओढल्यावर न तुटणारी मुळं असतील तर माती बदलून परत लावा. काळी, बोटात धरल्यावर साल सुटून आतला दोरा उरणारी मुळं असतील तर ती सगळी कापा. तेवढ्याच प्रमाणात वरच्या फांद्या कमी करा आणि लहान कुंडीत, वाळू जास्त असलेल्या मातीत, सावलीत पंधरा दिवस ठेवा.

---

गच्चीवाली_जुळेसोलापूर | २९ जानेवारी, सकाळी ८:०५

डाळिंबाच्या मेलेल्या फांदीचा तुकडा चिरला तेव्हा आत पट्टे नव्हते. आज खालच्या फांदीवर, व्रणाच्या वर, तांबूस टोकं दिसली, तांदळाच्या कणीएवढी, समोरासमोर दोन-दोन. पाणी आता किती वाढवू?

---

खुरपं | २९ जानेवारी, सकाळी ८:४०

आता पाच दिवसांनी तीन लिटर. टोकं इंचभर झाली की तीन दिवसांनी तेवढंच. खत आधी घातलं असेल तर आता परत नको. कोवळ्या पालवीवर मावा आणि फुलकिडे पहिल्यांदा येतात, म्हणून रोज एकदा पानं उलटून बघा, आणि सोनेरी दाणे दिसले तर हात लावू नका.